माळवदाची माती आणि घराचा सौदा

धाराशिवकडील जुन्या घराचा सौदा बहुधा उन्हाळ्यात होई. रब्बीची ज्वारी खळ्यावरून घरात आलेली असे, हातात चार पैसे खुळखुळत असत, लग्नसराईच्या निमित्ताने आप्तेष्ट गावात जमलेले असल्याने साक्षीला पंच मिळणे सोपे असे. आणि घर पाहायला आलेला माणूस वैशाखाच्या रखरखीत उन्हातून त्या दगडमातीच्या रुंद भिंतींच्या आत शिरला म्हणजे तेथील गारव्याने त्याचे मन असे काही निवून जाई, की मान वर करून माळवदाची बारकाईने पाहणी करण्याचे भान त्याला राहत नसे. इसार दिला जाई, खरेदीखत होई, वास्तुशांतीची पंगत उठे. मग मृग लागे. पहिल्या मोठ्या पावसाला देवघरावरच्या खणातून पाण्याची धार सुरू होई, आणि महिन्यापूर्वी ज्या दोन कुटुंबांनी एकमेकांच्या पानात आग्रहाने पुरणपोळी वाढली, त्यांच्यात तक्रारीला तोंड फुटे. घेणारा म्हणे, ‘माळवदावर दोन साल माती पडली नाही, आणि हे तुम्ही बोलला नाहीत.’ देणारा म्हणे, ‘गाड्या मोजून पांढरी टाकलीय गेल्या वर्षी, घर तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहून घेतलंत.’

या एवढ्याशा तंट्याची दखल इतिहासाने सहसा घेतली नाही. लढाया, तह, दुष्काळ, जिल्ह्याचे नामांतर यांची नोंद राहते; घराची निगा राखली होती की नाही, आणि नव्हती तर ते कोणी कोणाला सांगायचे होते, या प्रश्नाची बखर कोण लिहिणार? तरीही माझ्या मते, माणसाच्या परस्परविश्वासाची कसोटी या प्रश्नात जितकी लागते तितकी मोठमोठ्या करारांतही लागत नाही; आणि आपल्या जिल्ह्यात तर या प्रश्नाच्या पोटात असे काही दडलेले होते, की त्याचा उलगडा व्हायला १९९३ ची ती भूकंपाची काळरात्र यावी लागली.

प्रथम माळवद म्हणजे काय ते नीट सांगितले पाहिजे, कारण सिमेंटच्या छपराखाली वाढलेल्या पिढीला ते आता केवळ ऐकून ठाऊक आहे. सागवानी किंवा बाभळीचे खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर आडवी लाकडे, त्यांवर किलचांचा किंवा फळ्यांचा दाट थर, वर झाडपाला, त्यावर चिखल आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचे जाड आवरण, अशी त्याची रचना. दोन तुळयांमधील अंतराला खण म्हणत, आणि घराची ऐपत खणांनी सांगत. पाच खणांचे घर, सात खणांचा सोपा, असा हिशेब खरेदीखतातही उतरे. पांढरी माती ही गावठाणाची माती. शेताला काळी आणि वस्तीला पांढरी म्हणण्याचा आपला प्रघात आहे, त्यातील ही पांढरी. शतकानुशतकांच्या पडक्या घरांची, राखेची, गढीच्या ढासळलेल्या भिंतींची ती माती इतकी बारीक आणि चिवट, की पावसाचे पहिले पाणी पिऊन ती फुगे, आपली छिद्रे आपणच बुजवी आणि पुढचे पाणी उतारावरून पन्हळाकडे वाहू देई. काळ्या मातीला उन्हात भेगा पडतात. ती छपरावर कामाची नाही, हे ज्ञान कोणत्याही शाळेत न जाता येथील प्रत्येक गृहस्थाला होते.

पण या छपराला दरसाल निगा हवी. पावसाळ्यात माळवदावर गवत उगवे, त्याची मुळे थरात शिरत. उंदीर-घुशी बिळे करीत. वाऱ्यापावसाने वरची माती धुपून जाई. म्हणून मृगापूर्वी वाळके गवत उपटायचे, बिळे बुजवायची, पन्हळे मोकळी करायची, नवी पांढरी पसरून धुमसाने चोपायची, हा घरोघरचा वार्षिक नेम होता. ज्या घरात कर्ता पुरुष राहिला नाही, भाऊबंदांत वाटणीचा तंटा पेटला, किंवा मालक पोटापाण्यासाठी बार्शी-सोलापूरकडे निघून गेला, तेथे हा नेम प्रथम चुके. आणि विक्रीला निघणारी घरे बहुधा हीच असत. वादाचे मूळ येथे आहे. घर विकण्याचा विचार मनात येताच त्याच्यावर खर्च करण्याची इच्छा आटते, आणि घेणाऱ्याच्या हाती ते पडेपर्यंत एक-दोन पावसाळे निघून गेलेले असतात.

याला निसर्गानेही हातभार लावला होता. माळवदाचा दोष आषाढात कळतो, आडाचा दोष वैशाखात. परसातला आड मार्गशीर्षात पाहिला तर पाणी हाताला लागेल असे वाटते आणि चैत्र उलटला की तळाचा खडक दिसू लागतो. उलट उन्हाळ्यात आड पारखून घेतला तर माळवदाची परीक्षा राहून जाते. वर्षाचा असा एकही दिवस नाही की ज्या दिवशी घराचे हे दोन्ही दोष एकत्र दिसावेत. आणि बालाघाटाच्या या टापूत पावसाचाच भरवसा नाही. १९७२ सारख्या दुष्काळात घर घेतलेल्या माणसाला माळवद गळते की नाही हे कळायला पुढच्या वर्षाच्या पावसाची वाट पाहावी लागली असेल, आणि तोवर तक्रार करण्याची वेळ, निदान लोकलज्जेच्या हिशेबाने, टळून गेलेली असणार.

खरेदी केलेल्या वस्तूची परीक्षा किती दिवसांत करावी हा विचार आपल्याकडे नवा नाही, आणि त्याचे एक थोर पीठ तर आपल्या सीमेला लागूनच होते. उमरग्याच्या पूर्वेला, आज कर्नाटकात गेलेल्या बसवकल्याणात, म्हणजे चालुक्यांच्या कल्याणी नगरीत, सहाव्या विक्रमादित्याच्या राज्यात विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली, जी पुढे अर्ध्याहून अधिक हिंदुस्थानच्या हिंदू कायद्याचा आधार ठरली. त्या स्मृतीत परीक्षेच्या मुदती दिल्या आहेत: बियाण्याला दहा दिवस, लोखंडाला एक, ओझ्याच्या जनावराला पाच, रत्नाला सात, दुभत्या जनावराला तीन दिवस, दासदासींनाही अशाच मुदती लावल्या आहेत, आणि माणसाला बैलाच्या पंक्तीला बसवणारी ती व्यवस्था वाचताना आज मन विषण्ण होते. पण घराचे नाव त्या यादीत नाही. मनुस्मृतीने खरेदीविक्रीचा पश्चात्ताप झाल्यास दहा दिवसांत व्यवहार फिरवण्याची सर्वसाधारण मुभा ठेवली आहे. पण वैशाखात घेतलेल्या घराला दहा दिवसांची मुदत काय कामाची? ज्या पावसाने परीक्षा घ्यायची, तो अजून महिनाभर दूर असतो.

दानपत्रांच्या व खरेदीखतांच्या भाषेने मात्र दुसऱ्या एका प्रश्नाचा फार बारकाईने विचार केला होता, तो म्हणजे वास्तूबरोबर काय काय जाते. जुन्या ताम्रपटांत ‘अष्टभोगतेजःस्वाम्य’ असा शब्द येतो. निधी, निक्षेप, जल, पाषाण, अक्षीण, आगामी, सिद्ध आणि साध्य हे ते आठ भोग. राज्ये बुडाली, लिपी बदलली, ताम्रपटाची जागा आधी मोडी कागदाने आणि नंतर मुद्रांकाने घेतली, तरी हे शब्द झिजत झिजत उरलेच. ‘जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधिनिक्षेप यांसह’ ही ओळ आजही दस्तलेखकाच्या बोटांतून सहजगत्या उतरते. ज्या घराच्या परसात एक लिंबाचे झाडही नाही त्याच्या खरेदीखतातही ती असते. मला या ओळीविषयी ममत्व वाटते, कारण हजार वर्षांचा एक धागा तिच्यात तुटलेला नाही. पण हेही नमूद केले पाहिजे, की पुरलेल्या धनावर हक्क कोणाचा याची चिंता करणाऱ्या या ओळीने छप्पर गळते की नाही याची चौकशी कधी केली नाही.

इंग्रजी कायद्याशी या जिल्ह्याची पहिली गाठ पडली ती १८५३ मध्ये. निजामाच्या थकलेल्या देण्यापोटी वऱ्हाड आणि रायचूर दुआबाबरोबर धाराशिवचा मुलूखही कंपनी सरकारच्या हवाली झाला, आणि नळदुर्गास मुक्काम करून कर्नल मेडोज टेलर याने त्याचा कारभार १८५७ पर्यंत पाहिला. ठगांवरील कादंबरीने इंग्लंडात नाव कमावलेला हा अधिकारी जमिनीची मोजणी आणि रस्ते यांत मनापासून रमला. पण १८६० च्या तहाने हा मुलूख निजामाकडे परत गेला, आणि पुढे ब्रिटिश हिंदुस्थानात जे मालमत्तेचे कायदे झाले त्यांच्या सावलीबाहेर हा जिल्हा जवळजवळ नव्वद वर्षे राहिला. परंड्याच्या माणसाने पूर्वेला किंवा धाराशिवच्या माणसाने पश्चिमेला काही कोस गाडी हाकली की तो बार्शीत, म्हणजे मुंबई इलाख्यात, पोहोचे. तेथील अदालत वेगळी, तेथील दस्त वेगळा, तेथील रुपयाही वेगळा.

हा रुपयाचा भेद सौद्यात किती घोळ घाली हे आज कोणाच्या ध्यानातही येणार नाही. निजामी मुलखात हाली सिक्का चाले आणि ब्रिटिश मुलखात कलदार. शंभर कलदारांना एकशे सोळा-सतरा हाली, असा साधारण भाव पडे. बार्शीला स्थायिक झालेल्या मालकाने धाराशिवकडील वडिलोपार्जित घर विकायला काढले आणि बोलणी नुसत्या ‘रुपयां’त झाली, की भरण्याच्या दिवशी तंटा ठरलेलाच. दस्तावर फसली साल, आजूर-दै-बहमन अशा महिन्यांची नावे, भाषा उर्दू. बोलणी मराठीत, आणि घेणाऱ्या-देणाऱ्यांपैकी पुष्कळांना सही करण्यापलीकडे अक्षरओळख नाही. बैनाम्यात, म्हणजे त्या खरेदीखतात, काय लिहिले आहे हे वाचून दाखवणाराच्या इमानावर सारा व्यवहार उभा असे.

तथापि मुसलमानी धर्मशास्त्रात दोषाचा विचार अधिक स्पष्ट होता हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. विकलेल्या वस्तूत विक्रीपूर्वीचा ऐब निघाला आणि घेणाऱ्याला तो ठाऊक नव्हता, तर व्यवहार मोडण्याचा अधिकार त्याला राहतो. यालाच ‘खियार-ए-ऐब’ म्हणतात. दोष कळल्यानंतरही तो गप्प बसून वस्तू वापरत राहिला तर तो अधिकार जातो. याच शास्त्रातील दुसरा अधिकार शुफ्याचा: घर परक्याला विकले जात असेल तर सहहिस्सेदाराला, आणि हनफी मताप्रमाणे लगतच्या शेजाऱ्यालाही, तेच घर त्याच किमतीत आपणाला द्यावे अशी मागणी करता येते. आता पाहा, या दोन नियमांची गाठ कशी पडते. माळवद कधीपासून गळते, पन्हळाचे पाणी कोणत्या भिंतीत मुरते, माती शेवटची कधी पडली, हे गावात सर्वांत चांगले कोणाला माहीत? ज्याची भिंत सामाईक आहे त्या शेजाऱ्याला. आणि ते घर स्वतः घेण्याचा हक्क कोणाला? त्यालाच. म्हणजे जो साक्षीदार सर्वांत जाणता, तोच सर्वांत हितसंबंधी. त्याने घराला नावे ठेवली तर ‘याला स्वतःला स्वस्तात हवे आहे’ असे लोक म्हणणार. आणि तो गप्प राहिला तर नवखा माणूस फसणार. आपल्या खेड्यातील ‘शेजाऱ्याला विचारून घर घ्यावे’ या साध्या शहाणपणामागे केवढा पेच होता, हे यावरून कळते. केवळ शेजारामुळे मिळणारा हा खरेदीचा अग्रहक्क सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली घटनाबाह्य ठरवला.

इकडे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा मुंबई इलाख्यात १ जानेवारी १८९३ पासून लागू झाला होता, आणि हैदराबाद संस्थानाच्या विलीनीकरणानंतर आपला जिल्हाही अखेर त्याच कायद्याच्या कक्षेत आला. त्याचे ५५ वे कलम या विषयाचा गाभा आहे. घरात असा महत्त्वाचा दोष असेल, जो विकणाऱ्याला ठाऊक आहे, घेणाऱ्याला ठाऊक नाही आणि साधारण दक्षता घेऊनही त्याला समजण्यासारखा नाही, तर तो उघड करण्याचे बंधन विकणाऱ्यावर आहे. त्याबाबत मौन पाळणे हे कपट समजले जाते. करार झाल्यापासून ताबा देईपर्यंत विकणाऱ्याने घराची काळजी समंजस मालकाप्रमाणे घ्यायची, आणि मालकी गेल्यावर जे नुकसान विकणाऱ्यामुळे झालेले नाही ते घेणाऱ्याने सोसायचे. आता इसार चैत्रात, खरेदीखत ज्येष्ठात, आणि मधल्या दोन महिन्यांत मृगापूर्वीची माती टाकायची कोणी? कायद्याचा कौल विकणाऱ्याच्या विरुद्ध जातो. पण गाव सोडून निघालेला माणूस दुसऱ्याच्या डोक्यावरचे छप्पर चोपायला माळवदावर चढेल, अशी अपेक्षा करणे मनुष्यस्वभावाला धरून नव्हते. जाणते पंच म्हणूनच इसाराच्या वेळीच मातीच्या गाड्यांचा खर्च किमतीतून वजा करून टाकीत. मला हा तोडगा कलमापेक्षा शहाणा वाटतो, कारण त्यात कोणालाही खोटे ठरवावे लागत नाही.

याच कायद्याचे ८ वे कलम सांगते, की घर विकले म्हणजे त्याची कुलपे, किल्ल्या, अडसर, दारे, खिडक्या आणि कायमच्या उपयोगासाठी ठेवलेल्या इतर वस्तूही त्याबरोबर जातात. ‘कायमच्या उपयोगासाठी’ या शब्दांवर केवढे तंटे! न्हाणीतील चुलवण जमिनीत रुतलेले, ते घराबरोबर राहते. पण पाणी तापवायचा तांब्याचा बंब? पिढ्यान्‌पिढ्या तो त्याच कोपऱ्यात उभा, त्याच्याच मापाने कट्टा बांधलेला, आणि तरीही तो उचलून नेता येतो. विकणाऱ्याच्या घरच्या सुनेने तो माहेरहून आणलेला असला तर त्याच्यावर हात ठेवण्याची छाती कोणाला व्हायची नाही. पण बोलणी करताना बंब दाखवला होता आणि ताबा घेताना तेथे ओला वर्तुळाकार डाग तेवढा उरला, हे घेणाऱ्याच्या मनात सलत राही. बळदातील उरलेली ज्वारी, परसातील पेव, जुन्या चौकटी यांचेही तसेच. वाड्याचे सागवान तर भिंतींहून मोलाचे. ताबा देण्याआधी नक्षीची महिरप उतरवून नेल्याच्या तक्रारी आपल्याकडे नव्या नाहीत.

हैदराबाद संस्थानातील १९४७-४८ च्या उत्पातात या साऱ्या चौकशा गळून पडल्या. रझाकारांच्या भयाने घरदार सोडून बार्शी-सोलापूरकडे गेलेली हिंदू कुटुंबे, आणि पोलीस कारवाईनंतर ज्यांच्यावर अनर्थ कोसळला ती मुसलमान कुटुंबे, यांच्यापैकी कोणीही माळवदाची माती मोजण्याच्या स्थितीत नव्हते. जीव वाचवण्याच्या घाईत झालेल्या सौद्याला सौदा म्हणावे की नाही, असा प्रश्न माझ्या मनात येतो. गळणाऱ्या खणाचे दुःख हे शांत काळाचे आणि म्हणून भाग्याचे दुःख आहे.

आणि आता त्या रात्रीकडे येतो. २९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती. विसर्जन आटोपून गावे उशिरा झोपली, आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे चारच्या सुमारास जमीन हादरली. लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि आपल्याकडील सास्तूरच्या आसपासची गावे क्षणार्धात ढिगाऱ्यात बदलली. हजारो माणसे आपल्याच घराखाली गेली. तज्ज्ञ आले, ढिगारे तपासले गेले, आणि जे निष्पन्न झाले ते वाचताना अंगावर काटा येतो. मातीत रचलेल्या गोल दगडांच्या जाड भिंतींना आतून बांधून ठेवणारा लांब दगड नव्हता, हे एक कारण. आणि दुसरे कारण माळवदाचे वजन. दरसाल टाकलेली माती दरसाल काही काढली जात नव्हती. जुन्या थरावर नवा थर बसत गेला होता, आणि कित्येक घरांच्या डोक्यावर तो दीड-दोन फुटांपर्यंत चढलेला होता. जेथे छप्पर भिंतींवर न टेकता सागवानी खांबांच्या सांगाड्यावर तोललेले होते, तेथे भिंती ढासळल्या तरी माळवद अनेकदा वरच तरले; जेथे ते थेट भिंतींवर विसावले होते, तेथे खाली झोपलेल्यांना उठायला अवसर मिळाला नाही. याच जिल्ह्यात तेरला पाण्यावर तरंगणाऱ्या हलक्या विटा घडवण्याची विद्या एके काळी नांदत होती, ही आठवण अशा वेळी फार जड होते.

म्हणजे ज्या घरमालकाने निगा राखण्यात कधी कसूर केली नाही, विक्रीच्या वेळी ज्याला छाती पुढे काढून ‘दरसाल माती टाकली आहे’ असे सांगता आले, आणि पंचांनी ज्याच्या बाजूने कौल दिला, त्याच्याच माळवदावर सर्वांत जास्त भार साचला होता. ५५ व्या कलमाने विकणाऱ्याला ठाऊक असलेला दोष सांगायला लावले. पण हा दोष त्यालाही ठाऊक नव्हता, घेणाऱ्यालाही नाही, माती चोपणाऱ्या सालगड्यालाही नाही. घरावर मायेने चढवलेल्या प्रत्येक टोपलीबरोबर तो वाढत गेला होता.

भूकंपानंतर ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. शिवाय अनेक जिल्ह्यांतील दोन लक्षांच्या आसपास घरे जागच्या जागी दुरुस्त व बळकट करण्याचे काम हाती घेण्यात आले, आणि त्या कामासाठी दिलेल्या सूचनांत भिंतीत आरपार जाणारे बांधदगड बसवण्याबरोबरच माळवदावरील जादा माती खाली उतरवण्याचीही सूचना होती. पाणी अडवण्याचे काम मग मातीच्या जाडीऐवजी थरात घातलेल्या प्लास्टिकच्या कागदाने करायचे होते. शिडी लावून, खोऱ्याने उकरून, टोपलीटोपलीने ती पांढरी उतरवायची: सर्वांत वर नातवाने टाकलेला थर, त्याखाली बापाचा, त्याखाली आजोबांचा, आणि अगदी तळाशी, झाडपाल्यावरचा तो पहिला चिखल, ज्याने घर बांधले त्याच्या हातचा.